एका गावात दोन पाट्या

२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सहा फूट उंचीच्या आणि कानाशी पांढऱ्या झालेल्या माणसाला अजून टिल्लू म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. तुझ्या ऑफिसातले लोक तुला साहेब म्हणत असतील, ते त्यांच्यापाशी. फोन न करता पत्र का, म्हणशील. आपल्या फोनचं काय होतं ते तुला माहीतच आहे. मी जरा बूड टेकवून बोलायला लागते आणि तेवढ्यात समोर कोणीतरी खोलीची किल्ली आपटतं. पत्रात निदान वाक्य तरी पुरं होतं.

बातमी अशी, की मागच्या आठवड्यात तुझ्या कंपनीच्या एक बाई आपल्या हॉटेलात आल्या होत्या. मला आधी वाटलं, नेहमीच्या पाहुण्या. मग त्यांनी कार्ड पुढे केलं, तर तुझाच विभाग, नवी हॉटेलं कंपनीच्या नावाखाली आणणारा. तू त्यांना धाडलंस का, असं मी सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, हे तुमच्या भावाचं घर आहे हे आम्हाला इथे आल्यावर कळलं. खरं-खोटं तू जाणे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भिंती आपल्या, पाटी त्यांची. जगभरातून बुकिंग त्यांच्या यंत्रणेतून येणार, माणसांना शिकवणार ते, गाद्यांपासून साबणापर्यंत सगळं त्यांच्या मापाचं. बदल्यात त्यांना उत्पन्नातला वाटा आणि वीस वर्षांचा करार.

टिल्लू, मला हे हवं आहे. आडपडदा न ठेवता लिहिते. बुकिंगच्या वेबसाइटवाले दर वर्षी दलाली वाढवतात, आणि नाही म्हटलं तर आपलं नाव यादीच्या तळाशी बुडवतात. कामाला माणूस टिकत नाही. परवा वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी बंदरावरच्या प्रवासी बोटीवर कामाला गेल्या, तेव्हापासून तिकडच्या चादरी मीच बदलते. लोक म्हणतात माझं लग्न या हॉटेलशी लागलंय. तसं असेल तर नवरा फार छळतो बाबा.

अण्णांना मी अजून नीट सांगितलेलं नाही. पण ते काउंटरशेजारच्या सोफ्यावरच बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. त्या दिवसापासून गप्प आहेत. त्यांनी रंगवलेली पाटी उतरायची म्हणजे त्यांच्या जिवाला लागणारच. ते तू समजावशील अशी आशा आहे.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातूनही पोचती करत जा.

तुझी,
ताई

•

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी एका अर्धवट हॉटेलच्या जिन्यात बसून वाचलं. आधी इथे विमा कंपनीचं ऑफिस होतं. आता दर मजल्यावर स्नानघरं बसवतोय. उद्घाटन तोंडावर आलंय, पलंग आलेत, गाद्या कुठल्यातरी बंदरात अडकल्यात. भरती केलेल्या माणसांपैकी निम्मी रस्त्यापलीकडच्या हॉटेलने पळवली. गंमत म्हणजे ते हॉटेलही आमच्याच कंपनीचं, दुसऱ्या नावाचं. या शहरात आमच्या चार नावांची हॉटेलं आहेत आणि चौघंही एकाच पाहुण्याच्या बॅगेला हात घालतात. वरच्या लोकांना मात्र नकाशावर चार ठिपके दिसतात, म्हणून ते खूश.

त्या बाईंना मी धाडलं नव्हतं. त्या कामात हुशार आहेत, मनानेही वाईट नाहीत. पण ताई, घाई करू नकोस. वीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. दर काही वर्षांनी नूतनीकरण सांगतात, ते करावंच लागतं. पडद्याचा रंगसुद्धा मग तुझा राहत नाही. अण्णा ज्या टेबलाशी पाहुण्यांना घेऊन जेवायला बसतात, ते टेबल पहिल्या महिन्यात जाईल, कारण त्यांच्या नकाशात त्या जागी कॉफीचं यंत्र असतं. सकाळी अंड्यांचा आणि भाजलेल्या पावाचा वास जिन्यावरून वर चढतो, तोसुद्धा त्यांच्या ठरलेल्या अत्तराखाली दबून जाईल. अशी कितीतरी हॉटेलं मी उघडली आहेत. त्यातल्या कुठल्या खोलीत झोपलोय हे उठल्यावर मला आठवावं लागतं.

आपलं आहे तसं राहू दे, असं माझं मत. थोडं थांब.

इथे थंडी कडाक्याची आहे. अण्णांना नमस्कार. तुझा राग लवकर शांत होतो हे जाणून आहे, आणि त्याच भरवशावर थांबतो.

तुझा,
टिल्लू

•

६ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद.

राग शांत झालेला नाही, म्हणून तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. तरी झालेला नाही. तेव्हा रागातच लिहिते.

इतर हॉटेलवाल्यांना तू काय सांगतोस रे? त्यांच्या दारात जाऊन, घाई करू नका, पाव भाजल्याचा वास जाईल, असं सांगतोस? त्यांना सह्यांसाठी पेन पुढे करतोस आणि सख्ख्या बहिणीला थांब म्हणतोस. तुला घर जसंच्या तसं हवंय, कारण तुला तिथे राहावं लागत नाही. दोन वर्षांतून एकदा येतोस, टेबलाशी बसून अण्णांबरोबर अंडी खातोस, जुनी लिफ्ट कुरकुरते म्हणून डोळ्यांत पाणी आणतोस आणि जातोस. ती लिफ्ट अडकली की आत अडकलेल्या पाहुण्याशी गप्पा मारत मला उभं राहावं लागतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना परवा त्यांच्या तीनही नातवांची नावं विचारून झाली, तरी कारागीर येईना.

मी बावन्न वर्षांची झाले. आपल्या गावात समुद्र आहे. पाहुण्यांना मी रोज वाट सांगते, डावीकडे वळा, मग उतार. मी स्वतः त्या उताराने शेवटची कधी गेले ते आठवत नाही. त्या बाईंनी बोलता बोलता सांगितलं, की त्यांच्याकडे व्यवस्थापकाला आठवड्याची सुटी सक्तीची असते. सक्तीची! मला ते ऐकून हसू आलं, आणि मग भांडारात जाऊन टॉवेलांच्या गठ्ठ्याला टेकून मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

तेव्हा मला आठवणींचं कौतुक सांगू नकोस. करारात धोका असेल तर धोका सांग. नसेल तर महिनाअखेर मी सही करते.

राग आहे तितकीच मायाही आहे. दोन्हींचा स्वीकार व्हावा.

ताई

•

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंस ते खरं आहे. मी जगभर लोकांच्या पाट्या उतरवतो आणि एक पाटी तरी मला ओळखीची राहावी असं मनात धरतो, आणि तिच्याखाली तुला उभं करतो. हे मला तू लिहीपर्यंत दिसलं नव्हतं. पाव भाजल्याचा वास मी परत घेतो. माझ्या मताचं ओझं तू वाहू नकोस.

पण धोका असेल तर सांग म्हणालीस, म्हणून एवढंच लिहितो. सही करण्याआधी त्या बाईंना एक प्रश्न विचार, आणि उत्तर लेखी माग. आपल्याला त्यांची पाटी दिल्यावर तीच, किंवा कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याही नावाची पाटी त्याच गावात आणखी कोणाला देणार का? देणार नसतील, तर किती वर्षं देणार नाहीत? हा प्रश्न कुठल्याही शहाण्या मालकाने विचारावा असाच आहे. इतरांनाही मी तो विचारायला सांगतो, माझ्या साहेबांना आवडो न आवडो.

याहून जास्त मला विचारू नकोस. मी त्यांचं मीठ खातो आणि तुझा भाऊही आहे. या दोहोंमध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात उभा राहून हे लिहितोय.

गाद्या आल्या. उद्घाटन झालं. फीत कापली गेली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खऱ्या पाहुण्याला चहा द्यायला कोणी नव्हतं, तो मी दिला. या नोकरीतला तेवढाच अर्धा तास मला मनापासून आवडला.

तुझ्या निर्णयाच्या पाठीशी आहे, तो कुठलाही असो.

टिल्लू

•

४ एप्रिल

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. बाईंचा चेहरा एकदम बदलला. प्रश्न रास्त आहे, वरून विचारून सांगते म्हणाल्या. आठवड्याभराने उत्तर आलं, गोड भाषेत पण स्पष्ट: असं वचन कंपनी देत नाही. गावाची वाढ होत असताना स्वतःचे हात बांधून घेता येत नाहीत, वगैरे.

मी त्यांना चहाला बोलावलं आणि जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या मोकळ्या जागेवर कोण मोजमापं घेतंय, असं विचारलं. आपल्या काउंटरवालीने ती माणसं पाहिली होती. एक जण आपल्याकडेच उतरला होता आणि त्याच्या फायलीवर तुमच्या कंपनीची मोहोर होती. बाईंनी कप खाली ठेवला. खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तिथे मोठं हॉटेल येणार. पोहण्याचा तलाव, सभागृहं, सगळं. आपलं छोटं हॉटेल आधी घ्यायचं, गावात नाव रुजवायचं, आणि मोठं उभं राहिलं की गिऱ्हाईक तिकडे वळवायचं. हे शेवटचं त्या बोलल्या नाहीत, ते मी जोडलं. त्यांनी खोडलंही नाही. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, की मी तुमच्या जागी असते तर मीही विचारलं असतं.

म्हणजे वीस वर्षं आपण त्यांच्या मापाच्या गाद्या घालायच्या, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून त्याच नावाच्या थोरल्या भावाने आपलं ताट ओढायचं. थोरल्यांनी धाकट्याचं ताट ओढल्याचं आपल्या घरात तरी कधी झालं नाही. लाडू मात्र मी चोरायचे, तो भाग वेगळा.

नाही म्हणून कळवलं.

तुला हे माहीत होतं ना? उत्तर देऊ नकोस. मी तुला काय काय लिहिलं, ते आठवून कान गरम होतात.

मोठं हॉटेल येणार ते येणारच. स्टेशनासमोरच्या आणि दीपगृहाजवळच्या हॉटेलवाल्यांशी बोलले. तिघांनी मिळून एक धुलाई चालवावी, एकमेकांना जास्तीचे पाहुणे द्यावेत, बुकिंगची वेबसाइट एकच काढावी असं चाललंय. दोघंही पहिल्या बैठकीत आधी एकमेकांच्या सुपाला नावं ठेवून मग कामाला लागले. बघू.

खरं सांगायचं तर नाही कळवल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी उठले आणि पुन्हा वरच्या मजल्यावर चादरी घेऊन गेले, एवढंच. अण्णा अजून गप्पच. पाटी वाचली म्हणून तरी हसतील असं वाटलं होतं.

आहे तो जिव्हाळा उणा होऊ नये.

ताई

•

२२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माहीत होतं. तुझं नाही पोचल्यावर मी साहेबांकडे गेलो आणि तो प्रश्न बहिणीला मीच सुचवला हे सांगितलं. कोणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ते ओरडले नाहीत. गुपित फोडलं नाहीस, पण वाढ-विभागात बसून वाढीच्या आड येणं बरं नव्हे, असं शांतपणे म्हणाले. आता मला तिथून हलवलंय. कंपनीचं एक जुनं हॉटेल आहे, सरोवराकाठी, पाहुणे कमी, कौलं गळकी. ते चालवायला दिलंय. ऑफिसातले लोक माझी कीव करतायत.

ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. मी आजवर हॉटेलं फक्त उघडली. सनई वाजली की मी पुढच्या गावी. उघडल्यानंतरच्या साध्या मंगळवारी हॉटेलात काय चालतं, ते मला ठाऊकच नव्हतं. ते तुझ्याकडून शिकावं लागेल. पहिला प्रश्न: खानसामा आणि भांडारवाली एकमेकांशी अबोला धरतात तेव्हा काय करायचं?

तुझा विद्यार्थी होऊ पाहणारा,
टिल्लू

•

३ मे

चि. टिल्लूस,
अण्णांचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे, तेव्हा चुकाबिका सांभाळून घे. ताईला हे पत्र ठाऊक नाही.

तुम्ही दोघं गेले तीन महिने माझ्या पाटीवरून भांडताय. ताई पत्र लिहिताना आणि वाचताना पुटपुटते, ते सोफ्यावर ऐकू येतं. पाटी उतरली तर अण्णांना काय वाटेल, पाटी राहिली तर अण्णा का हसत नाहीत. दोघांपैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही. मी गप्प होतो तो पाटीच्या दुःखाने नव्हे. त्या बाई येऊन गेल्या आणि सुटी सक्तीची असते म्हणाल्या, तेव्हा मी सोफ्यावर होतो. त्या वेळी ताईचा चेहरा मी पाहिला. तेव्हापासून मी मनातल्या मनात, होऊ दे, होऊ दे म्हणत होतो. बोललो असतो तर माझ्यासाठी म्हणून तिने उलटंच केलं असतं. तिचा स्वभाव तुझ्या आईवर गेलाय. आणि सौदा फिसकटला तेव्हा, पाटी वाचली म्हणून ती मला सांगत आली. मला तर रडू फुटेल असं वाटलं.

एक लाकडाचा तुकडा मी हौसेने रंगवला. पोरीने तो आयुष्यभर डोक्यावर धरून उभं राहावं, असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण नको, असंही कधी म्हटलं नाही. तुला बाहेर पाठवलं तेव्हा घरी कोण राहणार, हे कोणी ठरवलंच नाही. ती राहिली.

तर आता मी मालक म्हणून एक हुकूम काढलाय. हॉटेल अजून माझ्या नावावर आहे, याची मी सगळ्यांना आठवण करून दिली. काउंटरवाली बारा वर्षं इथे आहे, डोक्याने तल्लख आहे, दोन वेळा दुसरीकडून बोलावणं येऊनही गेली नाही. ताई नसताना सगळं तिच्या हाती. बुडवलंन तर बुडवलंन. मी सोफ्यावर आहेच, पण मध्ये बोलणार नाही असा शब्द दिलाय. तीही हट्टी आहे, शब्द लिहून मागत होती.

ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग विचारलंन, की सरोवराकाठी थंडी असते का. मी ओळखलं, मासा गळाला लागला.

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने निघते आहे. रविवारी तुझ्या स्टेशनात उतरेल. फलाटावर तू स्वतः जा, ड्रायव्हर पाठवू नकोस. आणि तुझ्या हॉटेलात तिला खोली दे, तुझ्या घरी नको. घरी ठेवलंस तर ती पहिल्या दिवशी तुझं स्वयंपाकघर घासायला काढेल.

बाकी क्षेम. तुम्हा दोघांचा एकमेकांवर लोभ आहे, तो मी डोळ्यांनी पाहतो आहे. म्हातारपणी एवढं पुरतं.

अण्णा

•

२१ मे

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. काउंटरवालीने दुसऱ्या मजल्यावरचे पडदे काढून टाकले हे वाचून मी तिला फोन लावायला उठले होते. टिल्लूने हातातून फोन काढून घेतला. मग विचार केला, ते पडदे मलाही आवडत नव्हते. मीच निवडले होते, म्हणून राहिले होते. तिला सांगा, नवे लावताना माझी वाट पाहू नकोस. धुलाईच्या बैठकीलाही तिनेच जावं. सुपावरून भांडण निघालं तर आपल्या सुपाला मीठ कमी असतं हे आधीच कबूल करून टाकावं, म्हणजे पुढचं काम होतं.

टिल्लूचं हॉटेल बरंच गळकं आहे आणि तो त्यात मजेत आहे. सकाळी सगळ्यांत आधी स्वयंपाकघरात जातो. खानसामा आणि भांडारवाली यांचा अबोला अजून सुटलेला नाही. मी त्याला मार्ग सांगितला: दोघांनाही दुसऱ्याच्या नावाने एक-एक चांगलं वाक्य ऐकवायचं, जे त्याने म्हटलेलंच नाही. तो म्हणाला, हे खोटं बोलणं झालं. मी म्हटलं, याला हॉटेल चालवणं म्हणतात.

पहिले दोन-तीन दिवस फार वाईट गेले, हे तुम्हाला सांगायला हवं. पहाटे जाग यायची आणि करायला काही नसायचं. खोलीतली चादर मी स्वतःच ताणून ठेवायचे, तर साफसफाईची मुलगी रडकुंडीला आली. तिला वाटलं, तिचं काम मला पसंत नाही. मग मी ठरवून गादी विसकटून बाहेर पडायला लागले. आता विसकटण्यात बऱ्यापैकी हात बसलाय. सरोवरापर्यंत चालत जाते. पाण्यात पाय सोडून बसते. माझे पाय इतके गोरे आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट राहिली, ती मुद्दाम शेवटी लिहिते. आले त्या दिवशी टिल्लू फलाटावर होता. माझी पेटी घेऊन तो पुढे चालत होता आणि मी त्याच्या मागे हॉटेलच्या दारातून आत शिरले. काउंटरवर एक नवी मुलगी होती. तिला माझं नातं माहीत नव्हतं आणि टिल्लूने मुद्दाम सांगितलं नाही. तिने हसून नाव विचारलं, लिहून घेतलं, आणि मग विचारलं, की किती दिवस राहणार?

अण्णा, हा प्रश्न मी आयुष्यात किती लोकांना विचारला असेन. लोक कसं पटकन सांगतात, दोन दिवस, आठवडा, उद्या सकाळी निघतो. मला उत्तरच सुचेना. मुलगी घाबरली, तिला वाटलं काही चुकलं. टिल्लू पेटी हातात धरून दुसरीकडे बघत होता.

शेवटी मी तिला म्हटलं, की अजून ठरवलेलं नाही. त्यावर ती म्हणाली, हरकत नाही, ती जागा कोरी ठेवते, ठरलं की सांगा.

अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या पाया पडते. उगाच काळजी करू नका आणि सोफ्यावरून उठून थोडं चालत जा. डावीकडे वळा, मग उतार.

तुमची,
ताई